एक घोट पाणी आणि दोन उमेदवार

मीरा आणि ओजस,

बागेतला तो व्हिडिओ फिरत फिरत मेलबर्नपर्यंत पोहोचला, असं तुमच्या आईने सांगितलं. त्यात मी खुर्चीतून उठते, चष्मा सारखा करते, दोन-तीन वाक्यं बोलून "चूक माझी आहे" म्हणते, आणि सारी बाग हसत सुटते. ओजसने विचारलं, आजी, तू काय चूक केलीस? मीराने विचारलं, आजी, तू राजकारणात गेलीस का? त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या कामाचे अनुभव मागितले. मी दोन कामं एका फेरीत उरकणारी बाई आहे. तेव्हा तुम्हाला पत्र आणि त्यांना लेख, दोन्ही हेच. आई रविवारी वाचून दाखवेल. काही अडलं तर फोन करा. फक्त इथल्या दुपारी दीड ते तीन करू नका, तेव्हा मी झोपते.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर लकडगंजच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, मोठ्या माणसांना बोलायला शिकवू लागले. त्याला चौदा वर्षं झाली. पाटीवर 'स्पोकन इंग्लिश' लिहिलंय, पण त्या पाटीवर फार विश्वास ठेवू नका. मोठं माणूस शिकायला येतं तेव्हा खरं कारण पहिल्या दिवशी सांगत नाही. इंग्रजी शिकायचंय म्हणतं. महिन्याभराने कळतं, की लाकडाच्या वखारवाल्याला इंग्रजी नको आहे. त्याला मुलाच्या शिकलेल्या सासऱ्यासमोर मान वर करून बसायचंय. इंग्रजी हे निमित्त. माणसाला आपलं कुणीतरी ऐकावं असं वाटतं, आणि तेवढ्यासाठी तो क्रियापदांची तिन्ही रूपं पाठ करायला तयार होतो.

कन्हानहून एक काका बसने यायचे. कोळशाच्या खाणीत उभा जन्म गेलेला. त्यांची नात कॅनडात, तिला मराठी येत नाही, यांना इंग्रजी येत नाही. त्यांना फक्त पाच मिनिटांचं इंग्रजी हवं होतं, रविवारच्या फोनपुरतं. मी सहा वर्षांची नात व्हायचे आणि प्रश्न विचारायचे. एकदा मी इंग्रजीत विचारलं, आजोबा, तुम्ही डायनासोर पाहिलाय का? काका विचारात पडले. मग शब्द जोडत जोडत त्यांनी उत्तर दिलं, की डायनासोर नाही पाहिला, पण त्याचं जंगल मी खणून काढलंय. त्या वाक्यात व्याकरणाच्या चार चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. माझ्या कामात असं फार वेळा घडलेलं नाही, म्हणून सांगते.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. शाळकरी मुलाला शिकायची लाज वाटत नाही. पन्नाशीच्या माणसाला वाटते. म्हणून माझ्याकडे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही. वह्यांवर नाव नसतं, नंबर असतो. येण्याजाण्याला बाजूचं छोटं फाटक. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी, म्हणजे जाणारा येणाऱ्याला दिसू नये. चौदा वर्षांत एकाचं नाव दुसऱ्याला कळलं नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. विश्वास म्हणजे तोंड बंद ठेवणं, अशी माझी व्याख्या होती, आणि ती मला पुरेशी वाटत होती.

राजकारणाशी आमच्या घराचा संबंध मतदानापुरता. माझे वडील सकाळी सातला रांगेत पहिले उभे राहायचे आणि घरी येऊन बोट धुवायचे, शाई जात नाही हे माहीत असूनही. पुढारी म्हणजे दाराशी येऊन हात जोडणारी आणि मग न दिसणारी माणसं, हे माझं मत. ते बदलायला दोन बायका माझ्याच खुर्चीवर येऊन बसाव्या लागल्या.

पहिली आली ती रंजना. उमरेडकडच्या विणकर घरातली लेक, बोलणं इतकं हळू की पंखा बंद करावा लागे. मागे एकदा आमच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा तिचे यजमान सुधाकरभाऊ यांनी तिला उभं केलं आणि ती निवडूनही आली. कारभार मात्र भाऊंनीच केला. पोस्टरवर तिचा फोटो, त्याच्या मागे भाऊंचा दुप्पट मोठा. आता ती जागा पुन्हा महिलांसाठी होती आणि पुन्हा तिचंच नाव पुढे होतं. पहिल्या दिवशी तिनेही इंग्रजीच शिकायचंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी वही मिटून म्हणाली, "मॅडम, पाच वर्षं सभागृहात बसली मी. 'अनुमोदन आहे', एवढंच बोलली. तेही मागून खूण आली की. या वेळी हरली तरी चालंल. पण बोलीन मीच."

घरी तिने विणकाम शिकायला जाते असं सांगितलं होतं. हातात लोकरीची पिशवी असायची. तिची वेळ दुपारी चार.

दुसरी मंदा. कळमन्याच्या बाजारात तिची संत्र्यांची अडत आहे. म्हणजे शेतकऱ्याचा माल तिच्या ओट्यावर उतरतो आणि ती बोली लावून व्यापाऱ्याला विकते. सासऱ्यांच्या मागे तिने एकटीने दुकान सांभाळलं. तिचा आवाज तीन शेड ओलांडून जातो. ती पहाटे बाजार करायची आणि एक वाजता, दीडच्या माझ्या झोपेला अर्धा तास ठेवून, माझ्याकडे यायची. रंजनाच्या विरुद्ध पक्षाने तिला त्याच जागेवर तिकीट दिलं होतं. मी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? तुमचं तर गल्लीभर ऐकू येतं.

"आयकू येते, तेच तं दुखणं हाये," मंदा म्हणाली. "माल विकायचा आवाज हाये माहा. लोकायले वाटते, मी त्यायलेही विकून राहिली."

इतकी नेमकी तक्रार मी आजवर कुणाकडून ऐकली नव्हती. मला ती तेव्हाच आवडली.

आता तुम्ही म्हणाल, आजी, तू तेव्हाच दोघींना सांगायला हवं होतंस. एका संध्याकाळी मी त्यावर विचार केलाही. मग स्वतःला समजावलं, की भांडणारे दोन शेजारी एकाच डॉक्टरकडे जात नाहीत का? डॉक्टर सांगतो का याचं त्याला? नियम म्हणजे नियम. त्या उपमेवर मी इतकी खूश झाले, की तिच्यातली मोठी खोट माझ्या लक्षातच आली नाही. डॉक्टर दोन वेगळ्या रोगांना एकच औषध देत नाही.

मी दिलं. माझी बोलायला शिकवण्याची एक पद्धत होती, सगळ्यांना तीच. सुरुवात स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने करायची. मग ऐकणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारला की ग्लास उचलून पाण्याचा एक घोट घ्यायचा, घाई न करता. मग तीन बोटं वर करून तीन मुद्दे. रंजनाला तो घोट धीर यावा म्हणून, मंदाला ब्रेक लागावा म्हणून. वह्या वेगळ्या, नंबर वेगळे, आतला मजकूर एकच. दोघीही मन लावून शिकल्या. मंदा तर म्हणायची, आता बाजारातही घोट घेऊन राहिली, व्यापारी घाबरून भाव वाढवतात.

आमच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. निवृत्त पोस्टमास्तर नामदेवराव अध्यक्ष. प्रचाराच्या दिवसांत त्यांनी ठरवलं, की एका रविवारी सकाळी सगळ्या उमेदवारांना बोलवायचं, प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, घोषणा नाहीत, हार नाहीत. मीही त्या मंडळात आहे. मी एक सूचना केली: नंतर बोलणारीला आधीचीचं ऐकून फायदा व्हायला नको, म्हणून एकीचं भाषण चालू असताना दुसरीने वाचनालयाच्या खोलीत बसावं, दार लावून. सगळ्यांनी माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक केलं. ही सूचना मीच केली, हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

तीन उमेदवारांपैकी एकीने तब्येतीचं कारण कळवलं. चिठ्ठी टाकली, मंदाचं नाव आधी आलं. रंजना वाचनालयात जाऊन बसली.

मंदा उभी राहिली. "आज सकाळी साडेसहाले मी मागच्या गल्लीत उभी होती. नळाखाली सात बादल्या होत्या, पाणी तीनच बादल्यायचं आलं." आणि मग सगळ्यांकडे बघत तिने विचारलं, "उरलेल्या चार बादल्या कोनाच्या, सांगा बरं?" मंदाने ग्लास उचलला, घोट घेतला, ग्लास ठेवला, तीन बोटं वर केली. जिने आयुष्यात कधी श्वास घ्यायला थांबा घेतला नाही, ती थांबली होती. मी पहिल्या रांगेत बसून हातरुमाल चुरगाळत होते, इतका मला आनंद झाला. टाळ्या तर अशा पडल्या की झाडावरचे पोपट उडाले.

मग रंजना आली. आवाज हळूच, पण तोंड माइकपाशी नीट धरलेलं. "काल दुपारी मी शाळेच्या भिंतीपाशी उभी होती. पाच पोरं उघडी नाली ओलांडून गेली. दोघायच्या चपला नालीत पडल्या." मी तेव्हाच खुर्चीत पुढे सरकले. रंजनाने सगळ्यांकडे पाहिलं. "त्या चपला कोनं द्यायच्या, सांगा बरं?" आणि तिने ग्लास उचलला.

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. रंजनाने घोट घेतला. कुणीतरी शेजाऱ्याला मोठ्याने म्हणालं, "आता तीन बोटं काढते, पाहून घे." रंजनाने तीन बोटं काढली.

बाग फुटली. नामदेवरावांसारखा गंभीर माणूस टोपीने तोंड झाकून हसत होता. रंजनाला बिचारीला काहीच कळेना. तिला वाटलं, आपलं काही चुकलं, साडी सुटली, शब्द उलटा गेला. तिची बोटं तशीच वर राहिली आणि दुसऱ्या हातात ग्लास. आणि पुढच्या खुर्चीतून सुधाकरभाऊ उठले. अगदी सवयीचं हसू चेहऱ्यावर, हात माइककडे. म्हणाले, "आण इकडे, मी सांगतो त्यायले."

मुलांनो, चौदा वर्षांचा नियम मोडायला मला किती वेळ लागला असेल? भाऊंना चार पावलं चालायला लागतात तेवढा. गप्प बसले असते तर रंजनाचं गुपित राहिलं असतं आणि रंजना पुन्हा भाऊंच्या मागे गेली असती. मी उठले. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. मी म्हटलं, "या दोघीही माझ्याकडे शिकायला येतात. एकीला दुसरीचं माहीत नाही. दोघींना मी एकाच साच्यात घातलं. चूक माझी आहे."

हसू पुन्हा उसळलं, पण आता ते माझ्यावर होतं, आणि ते मला चाललं. रंजनाने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या मंदाकडे पाहिलं, मग समोर आलेल्या नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. त्या हातात तिने पाण्याचा ग्लास ठेवला.

"तुमी बसा," ती म्हणाली. "माहं अजून झालं नाही."

व्हिडिओ इथे संपतो, कारण तो काढणाऱ्याला हसू तेवढंच हवं होतं. खरं भाषण त्यापुढे झालं. भाऊ ग्लास धरून उभे, बसावं की प्यावं ते कळेना. रंजनाने बोटं खाली घेतली. ती म्हणाली, "मॅडमनं त्यायची चूक सांगितली, आता माही सांगते. त्या नालीवर झाकण टाकायचं काम पुढं ढकलायचा कागद माह्यासमोर आला होता. मी न वाचता अनुमोदन देलं. पाच वर्षं मी एकही कागद वाचला नाही. ज्या पोरायच्या चपला पडल्या, त्यायच्या मायले मी हे घरी जाऊन सांगितलं. मत द्या म्हणून नाही सांगितलं. आता कागद वाचते मी. अडलं तं विचारते." एवढं बोलून ती बसली. दहा मिनिटांतली चार शिल्लक होती. कुणी हसलं नाही. टाळ्या उशिरा आल्या, आणि मंदाला पडल्या होत्या त्यापेक्षा कमी होत्या, पण म्हाताऱ्यांच्या टाळ्या मी ओळखते. त्या मनापासूनच्या होत्या.

मंदाने टाळी वाजवली नाही. माझ्याकडे न बघता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. एक वाजता नाही, पावणेचारला, आणि बाजूच्या नव्हे, मोठ्या फाटकाने. उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, याच खुर्चीवर बसून मी तुमाले माह्या घरचं सांगितलं, दुकानचं सांगितलं. अन् मी उठली का तीच खुर्ची तिले?"

मी म्हटलं, मंदाताई, तुमचा एक शब्द मी तिला सांगितलेला नाही.

"मले माहीत हाये नाही सांगितला. सांगितला असता तं भाषणं येगळी नसती झाली का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मंदाचा राग मात्र तसाच होता. "तुमी इमानदार हाये, कोन नाही म्हणते? पण मले काहून नाही सांगितलं? ते तुमी ठरवलं. मी ठरवलं असतं ना, यायचं का नाही यायचं."

ती बरोबर होती. मी दोघींची गुपितं सांभाळली, पण दोघींना न विचारता. तोंड बंद ठेवणं सोपं असतं, आणि मला ते फार चांगलं जमतं. समोरच्याला सगळं माहीत असताना त्याने आपल्यावर विश्वास ठेवावा, याची मी त्याला संधीच दिली नव्हती. मी तिची माफी मागितली. इंग्रजी शिकवण्यात माफी मागायची सहा वाक्यं मी पाठ करून घेते. मराठीत मला एकही धड सुचलं नाही. "माझं चुकलं" एवढंच म्हटलं.

तेवढ्यात बाजूचं फाटक वाजलं. चार वाजले होते. रंजना दारात उभी, हातात पिशवी. मंदा जायला निघाली.

"बस न वं मंदा," रंजना म्हणाली. "उठून काहून राहिली?"

"तुही वेळ हाये."

"आज दोघीची. बस."

मंदा बसली नाही, पण गेलीही नाही. पिशवीकडे बघून म्हणाली, "आता थे विणकामाचं सोंग कशाले? साऱ्या प्रभागाले समजलं."

रंजनाने पिशवीतून अर्धवट विणलेला निळा स्वेटर काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, तासाच्या आधी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ताईंकडे मी खरंच विणायला जाते. नवऱ्याशी खोटं बोललेलं मले जमत नाही, अर्धं खरं लागते. मंदा स्वेटरच्या बाह्या मोजत बसली. एक बाही लांब होती. मग जे हसणं सुरू झालं, त्यात माझी त्या दिवशीची शिकवणी बुडाली.

निवडणुकीत कोण जिंकलं? दोघीही नाही. निवडून आली ती तिसरी, जी आमच्या बागेत आलीच नव्हती. नामदेवराव आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मी कुणाला मत दिलं ते विचारू नका, ते गुपित मात्र मी माझ्या जुन्या पद्धतीनेच ठेवणार आहे.

माझ्या कामात मी तेव्हापासून थोडी सुधारणा केली आहे. बहात्तराव्या वर्षी सुधारता येतं, हे तुमच्या आईलाही कळू दे. नवीन माणूस आलं की मी आधीच सांगते: तुमचं गुपित राहील, पण तुमचा प्रतिस्पर्धीही माझ्याकडे येत असू शकतो; चालत असेल तर बसा. दोघे उठून गेले, बाकीचे बसले. साचाही मी टाकून दिला. कधीकधी मनात येतं, या चौदा वर्षांत मी मुलाखतींना पाठवलेल्या किती मुलामुलींनी एकाच टेबलासमोर ओळीने तोच घोट घेतला असेल, आणि त्यातलं कुणी कुणाला हसलं असेल. त्यांची माफी मागायची राहिली आहे.

मंदा आणि रंजना आता दर गुरुवारी एकत्र येतात. शाळेजवळच्या नालीसाठी नव्या नगरसेविकेकडे दोघींनी मिळून जायचं ठरवलंय. पक्ष वेगळे, नाली एक. पहिल्या गुरुवारी मी नवी वही उघडून, पेन काढून तयार बसले होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मॅडम," मंदा म्हणाली, "तुमी जरा बाहेर बसता का?"

मी विचारलं, का बरं?

"तुमी असल्या की आमी दोघी सारख्याच बोलतो."

मी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर आले. माझ्याच वर्गातून मला बाहेर बसवण्याची ही पहिली वेळ. व्हरांड्यात छान ऊन होतं. आतून मंदाचा आवाज येऊ लागला, बाजारातला, तीन घरं ओलांडणारा. शेजारच्या वहिनींनी गच्चीतून खाली वाकून पाहिलं. मी त्यांना हात केला. मग आवाज थांबला. मी वाट पाहिली. तो थांबलेलाच राहिला, बराच वेळ. म्हणजे आत रंजना बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. मी पाय उन्हात पसरले आणि खुर्ची दारापासून थोडी आणखी लांब सरकवली.